चालू कृषी केंद्र विकत घ्यायचं आहे, इसार द्यायच्या आधी वकिलाले दाखवावं का?

सोयाबीन_पट्टा
रामराम मंडळी. मी यवतमाळच्या दारव्हा तालुक्यातला, घरची ७ एकर कोरडवाहू आहे, कपाशी तूर सोयाबीन. आता वावरावर भागत नाही म्हणून जोडधंदा पाहून रायलो. आमच्या इथून ९ किलोमीटरवर बाजाराचं गाव आहे, तिथं एक कृषी केंद्र १९ वर्षांपासून चालू आहे. मालकाचं वय झालं, पोरगा पुण्याले नोकरीवर आहे आणि तो काही परत येत नाही म्हणते, म्हणून ते विकून रायले. १४ लाख सांगतात. त्यात माल ६ लाखाचा, काउंटर रॅक काटा वगैरे दीड लाख, कास्तकारांकडची उधारी साडेतीन लाख आणि बाकी ३ लाख दुकानाच्या नावाचे म्हणजे गुडविल. गाळा भाड्याचा आहे पण मागचं गोदाम त्यांचं स्वतःचं आहे असं ते म्हणतात. अक्षय तृतीयेच्या आधी २ लाख रोख इसार द्यायचा आणि मृगाच्या आधी चाबी भेटणार. लायसन नावावर करून देतो म्हणाले.
मामाच्या ओळखीतले आहेत ते, मामा म्हणतात वकील मधात आणला तर माणूस नाराज होईल आणि दुसऱ्याले देऊन टाकेल. दारव्ह्याच्या एका वकिलानं १० हजार फी सांगितली. मी बीए आहे, बायको बीएस्सी केमिस्ट्री आहे, ती सध्या घरीच असते. तुम्ही लोकांनी असा चालू धंदा घेतला असेल तर सांगा, १० हजार वकिलाले द्यावे का तेवढ्याचा माल भरावा? रात्री झोप येत नाही, वडिलांची एफडी मोडून पैसे उभे करून रायलो म्हणून विचारतो.

जुनी_पेठ
भाऊ तुमचे मामा बरोबर बोलतात. मी १९९४ मध्ये किराणा दुकान घेतलं, शंभराच्या स्टॅम्पवर चार ओळी, दोन साक्षीदार, बस. आजपर्यंत कोणी दारात आलं नाही. आपल्या भागात व्यवहार शब्दावर चालते, माणूस पाहून करा, कागद पाहून नोको. १९ वर्ष दुकान चालवलेला माणूस खोटा राहत नाही.

खत_बियाणे_पुसद
जुनी_पेठ काका, किराण्याची गोष्ट वेगळी हो, कृषी केंद्र म्हणजे तीन वेगळे परवाने. मी स्वतः केंद्र चालवतो म्हणून सांगतो. बियाण्याचा परवाना १९८३ च्या बियाणे नियंत्रण आदेशाखाली, खताचा १९८५ च्या खत नियंत्रण आदेशाखाली आणि औषधाचा १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली, आणि हे तिन्ही माणसाच्या नावावर अन त्या जागेच्या पत्त्यावर असतात. "लायसन नावावर करून देतो" असं काही नसते. ७/१२ चा फेरफार होते तसं ते होत नाही, तुम्हाले नवीन अर्ज करून नवीन परवाने काढा लागतात.
आणि त्याले शिक्षण लागते. नुसत्या बीए वर औषधाचा परवाना भेटत नाही. औषधाच्या नियमात २०१५ पासून कृषी पदवी किंवा बायोकेमिस्ट्री, बायोटेक, नाहीतर केमिस्ट्री बॉटनी झूऑलॉजी घेऊन बीएस्सी असं पाहिजे. जुन्या लोकांसाठी हैदराबादच्या मॅनेज संस्थेचा एक वर्षाचा देसी डिप्लोमा आहे, मीही तोच केला, रविवारी क्लास राहायचा. तुमच्या घरात बीएस्सी केमिस्ट्री आहे म्हणजे खत आणि औषध दोन्हीचा रस्ता मोकळा आहे, पण मग डिग्री ज्याची त्याच्या, म्हणजे वहिनींच्या नावावर परवाना काढणं बरं. हे पहिले डोक्यात घ्या, कारण मग अख्खा व्यवहारच त्यांच्या नावानं करा लागते.
दुसरं, प्रत्येक कंपनीचं उगम प्रमाणपत्र, म्हणजे आम्ही याले माल देतो असं कंपनीचं पत्र, नव्यानं परवान्यावर चढवा लागते, खतासाठी तेच पत्र म्हणजे ओ फॉर्म नव्यानं आणा लागते, खतविक्रीची नोंद घेणारं पॉस मशीनही नवीन आयडीवर. जुन्या मालकाले कंपनीनं माल दिला म्हणजे तुम्हालेही देईल असं नाही, कंपनीवाले आधी डिपॉझिट अन कोरे चेक मागतात. मृगाच्या आधी हे सगळं होणं अवघड आहे, चाबी घेऊन दुकान उघडलं अन परवाना यायचा बाकी असेल तर त्या माणसाच्या परवान्यावर तुम्ही माल विकून रायले असं होते. धाड पडली तर दोघंही अडकता.

शेतातली_लेक_आर्वी
मला एक सांगायचं आहे. वहिनींच्या नावावर परवाना निघणार असेल तर त्यांना पहिल्या दिवसापासून बैठकीत बसवा. माझ्या घरी हेच झालं होतं, दुकान माझ्या आईच्या नावावर होतं आणि आईला फक्त सही कुठं करायची एवढंच माहीत. बियाण्याचा नमुना फेल आला तेव्हा नोटीस आईच्या नावानं आली, तारखेवर आई उभी राहिली, ज्यांनी माल आणला ते बाहेर चहा पीत होते. चार वर्ष ती तारखेला जात होती आणि प्रत्येक तारखेच्या आदल्या रात्री ती जेवायची नाही. हे मी कधी विसरणार नाही. परवाना ज्याच्या नावानं, जबाबदारी त्याची. वहिनींना विचारा त्यांना करायचं आहे का, नुसतं डिग्री आहे म्हणून नाव टाकू नका.
आणि १० हजाराची अडचण असेल तर तालुक्याच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती असते. १९८७ च्या विधी सेवा कायद्यात महिलेला मोफत सल्ला मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असलं तरी. वहिनी स्वतः अर्ज करू शकतात. १५१०० नंबरवर फोन करूनही विचारता येतं.

दालमिल_कारंजा
मी माझी गोष्ट सांगतो, लिहायला जड जाते पण तुमच्या एफडीचं वाचून राहवलं नाही.
२०१६ मध्ये मी एक बंद पडलेली छोटी दालमिल घेतली. सातबारा पाहिला, स्वच्छ. विकणाऱ्यानं प्रतिज्ञापत्र दिलं की कोणताही बोजा नाही. मी समजलो झालं, कारण आपल्याले सवय आहे ७/१२ च्या इतर हक्कात पाहायची, तिथं सोसायटीचं कर्ज दिसलं नाही म्हणजे मोकळं. पण जमिनीचा बोजा सातबाऱ्यावर दिसते, मशीनचा अन मालाचा दिसत नाही! मिलची चक्की, पॉलिशर, मोटर सगळं एका बँकेच्या कॅश क्रेडिट खात्याले तारण होतं. चौथ्या महिन्यात बँकेचे दोन माणसं आले अन मशीनवर नंबर तपासू लागले, माझा भाऊ तिथंच खाली बसून गेला. शेवटी सव्वाचार लाख भरून मी ती मशीन दुसऱ्यांदा विकत घेतली असं समजा.
त्याच्यावर वीज. मीटर बंद होतं, जुनी थकबाकी ११ महिन्यांची. ऑफिसात म्हणाले भरा तर जोडतो. १ लाख ८० हजार भरले, सीझन सुरू होत होता, काय करणार. विकणारा फोन उचलत नव्हता. वकिलाले मी त्याच्यानंतर गेलो. त्यानं सगळे कागद पाहिले अन एकच विचारलं, इसाराच्या आधी काहून नाही आले. तो प्रश्न अजूनही कानात आहे.

जुनी_पेठ
दालमिल भाऊ वाचून वाईट वाटलं. तुमच्यावर असं झालं असेल तर मी माझं म्हणणं धरून बसत नाही. आमच्या वेळी कर्ज घेऊन धंदा करणारे कमी होते.

वकीलताई_अमरावती
मी अमरावतीला दिवाणी कामं करते, धागा सकाळपासून वाचते आहे.
दालमिल कारंजा, आधी तुमच्याबद्दल. जागेवरची जुनी वीज थकबाकी नव्या मालकाकडून मागता येते, सुप्रीम कोर्टानं के. सी. निनान विरुद्ध केरळ वीज मंडळ या २०२३ च्या निकालात तेच सांगितलंय, नियमात तरतूद असेल तर. पण आपल्या महाराष्ट्रात वीज नियामक आयोगाच्या तेव्हाच्या, २००५ च्या सप्लाय कोडात म्हणजे वीजपुरवठ्याच्या नियमांत वारस सोडून दुसऱ्या खरेदीदारावर जास्तीत जास्त ६ महिन्यांच्या थकबाकीचाच भार येत होता. तुम्ही ११ महिन्यांची भरली. पाच महिन्यांचे पैसे कोणी सांगायला नव्हतं म्हणून गेले, आणि या गोष्टीनं मला खरंच त्रास होतो कारण असे लोक आमच्याकडे नेहमी उशिरा येतात.
सोयाबीन पट्टा, तुमच्या चौदा लाखात नेमकं काय विकत घेताय ते वेगवेगळं करून पाहा. त्यांचं दुकान प्रोप्रायटरी म्हणजे एकट्याच्या मालकीचं असेल तर कायद्यात "दुकान" नावाची वेगळी व्यक्ती नाहीच, दुकान म्हणजे ते गृहस्थ. त्यामुळे तुम्ही दुकान घेत नाही, माल घेता, सामान घेता, उधारी वसूल करायचा हक्क घेता आणि नाव घेता. प्रत्येकाचा कागद वेगळा होतो.
गाळ्याचं सगळ्यात आधी. जिथं १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा लागू आहे तिथं भाडेकरू आपली भाडेदारी मूळ मालकाच्या संमतीशिवाय दुसऱ्याला देऊ शकत नाही, कलम २६. दुकान तुम्ही घेतलं आणि गाळामालक म्हणाला मी तुम्हाला ओळखत नाही तर तुमचा काउंटर रस्त्यावर. गाळामालकाशी तुमच्या म्हणजे पत्नीच्या नावानं नवीन भाडेकरार लेखी करा आणि तो नोंदणीकृतच करा, कलम ५५ मध्ये ते सक्तीचं आहे. परवान्याच्या अर्जालाही जागेचा हाच कागद लागेल.
गोदामाचं "आमचंच आहे" यावर जाऊ नका. तलाठ्याकडे जागेचा गट नंबर काढा. ग्रामपंचायतीचा नमुना ८ दाखवतील, कराची पावती दाखवतील, तो मालकीचा पुरावा नसतो, तो फक्त कर कोण भरतो ते सांगतो.
उधारी. ती विकत घेता येते पण १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे लेखी हस्तांतर लागतं आणि प्रत्येक कास्तकाराला कळवावं लागतं, नाहीतर त्यानं जुन्या मालकाला पैसे दिले तरी तो मोकळा. त्यात वसुलीच्या दाव्याची मुदत ३ वर्षांची. खातेवहीत सही अंगठा नसलेली चार वर्षांपूर्वीची उधारी कोर्टात शून्य आहे. त्या साडेतीन लाखाची तारीखवार यादी मागा, मग बोलू.
आणि गुडविल. ३ लाख कशाचे देताय? त्यांनी दिवाळीनंतर समोरच्या चौकात पुतण्याच्या नावानं दुसरं केंद्र टाकलं तर? १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २७ मध्ये धंदा करू नको असा करार एरवी चालत नाही, पण गुडविल विकणाऱ्यावर ठराविक हद्दीत तोच धंदा न करण्याचं बंधन घालता येतं, कोर्ट ते मानतं जर हद्द वाजवी असेल. हे लेखी नसेल तर ३ लाख म्हणजे फक्त पाटी.
कोर्ट केसेस तुम्ही स्वतः मोबाईलवर पाहू शकता, ई-कोर्ट्सच्या साइटवर जिल्हा तालुका निवडून त्यांचं नाव टाका, फुकट आहे. मशीन मालावरचं कर्ज सरसाईच्या म्हणजे तारण कर्जांच्या केंद्रीय नोंदीत शोधता येतं, थोडी फी लागते. आणि त्यांच्या बँकेकडून निल म्हणजे काही बाकी नसल्याचा दाखला त्यांनीच आणून द्यायचा.

खातेवही_अकोला
मी अकोल्याला टॅक्सचं काम करतो, दोन तीन गोष्टी वकीलताईंच्या पुढच्या. जीएसटी नंबर पॅनवर असतो म्हणून त्यांचा नंबर तुम्हाला चालत नाही, वहिनींच्या पॅनवर नवीन काढावा लागेल. पण त्यांची थकलेली जीएसटी मात्र तुमच्या मागं येऊ शकते, धंदा हस्तांतर केला की आधीच्या देण्यासाठी देणारा आणि घेणारा दोघंही जबाबदार असं सीजीएसटी कायद्याचं कलम ८५ आहे. म्हणून त्यांच्या पोर्टलवरचे मागच्या तीन वर्षांचे रिटर्न आणि लेजर त्यांच्यासमोर बसून उघडून बघा, नुसता दुकानदाराचा शब्द नको.
अख्खा चालू धंदा एकत्र दिला तर त्या हस्तांतरावर जीएसटी लागत नाही, आणि त्यांच्या खात्यात उरलेलं इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट, आयटीसी-०२ फॉर्मनं तुमच्याकडं येऊ शकतं, त्याला सीएचा दाखला लागतो. नुसता माल घेतला तर बिलावर घ्या, बियाण्यावर जीएसटी नाही, रासायनिक खतावर ५ टक्के, औषधावर १८. बिल नसलेला माल एक पोतंही घेऊ नका.
आणि इसार रोख २ लाख का? २ लाख किंवा जास्त रोख घेणाऱ्याला तेवढाच दंड लागू शकतो. दंड घेणाऱ्याला लागतो, म्हणजे हे त्या काकांच्याही फायद्याचं आहे, त्यांना असं समजावून सांगा म्हणजे वकील मधात आला असं वाटणार नाही. बँकेतून आरटीजीएस करा.

सोयाबीन_पट्टा
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कोणी सांगत नाही. मी आज तलाठ्याकडं गेलो होतो. गोदाम ई-क्लासवर आहे. म्हणजे सरकारी चराईची जमीन, २० वर्षांपूर्वी तीन पत्राची शेड टाकली, ग्रामपंचायत कर घेते, नमुना ८ वर त्यांचं नाव. त्यांनी लपवलं असं मला वाटत नाही, त्यांच्या मनानं ते त्यांचंच आहे, एवढे वर्ष कोणी बोललं नाही.
बायकोले पण सगळं वाचून दाखवलं. ती बराच वेळ चूप होती मग म्हणाली मले दुकानावर बसायचं आहे पण परवाना माझ्या नावानं असेल तर खरेदी पण मीच करीन. आमच्या दोघांत हे पहिल्यांदा बोलणं झालं, लग्नाले ६ वर्ष झाले. तिनं डिग्री काढून टेबलवर ठेवली, लॅमिनेशन केलेली, मी ती कधी पाहिलीच नव्हती.

वकीलताई_अमरावती
ई-क्लासची शेड विकत घेता येत नाही, त्यांना ती विकायचा हक्कच नाही. सुप्रीम कोर्टानं २०११ मध्ये जगपाल सिंग प्रकरणात गावाच्या सार्वजनिक जमिनीवरची अतिक्रमणं काढायला राज्यांना सांगितलंय, तेव्हापासून नोटीस कधीही येऊ शकते. त्या शेडचा एक रुपयाही भावात धरू नका आणि परवान्याच्या अर्जात गोदाम म्हणून तो पत्ता टाकू नका. तुमच्या पत्नीला घेऊन या, अमरावतीला यायची गरज नाही, दारव्ह्यातले वकील चालतील, १० हजार या कामाला जास्त नाहीत.
इसारचिठ्ठीत एक वाक्य घालाच, परवाने मंजूर झाले नाहीत किंवा गाळामालकानं करार केला नाही तर इसार पूर्ण परत. माणूस चांगला असेल तर त्याला या वाक्याचं काही वाटणार नाही.

खत_बियाणे_पुसद
उधारीबद्दल अनुभवाचं सांगतो. आपल्या भागातला कास्तकार खत औषध जूनमध्ये नेते अन कापूस विकला की पौषात माघात देते, तूर निघाली तर फाल्गुनात. ते नातं माणसाशी राहते, खातेवहीशी नाही. तुम्ही मागायला गेले तर म्हणतील आमचं काकाशी ठरलं होतं. उधारी विकत घेऊ नोका, काकांचीच राहू द्या, ते दुकानावर येऊन वसूल करतील तेव्हा तुम्ही मदत करा. त्यानं लोकही तुटत नाहीत. आणि २०१७ ची फवारणीतली विषबाधा आपल्या जिल्ह्यानं पाहिली आहे, कास्तकार मजूर गेले, तेव्हापासून औषधाच्या दुकानाची तपासणी कडक झाली. त्यांच्या दुकानाचे कधी नमुने फेल गेले का, विक्री बंदचा आदेश असलेला माल पडून आहे का हे तालुका कृषी कार्यालयात लेखी विचारा.

शेतातली_लेक_आर्वी
वहिनींनी खरेदी स्वतः करीन म्हटलं हे वाचून डोळे भरून आले. माझ्या आईला कोणी असं विचारलं असतं तर.

सोयाबीन_पट्टा
१२ दिवसांनी लिहून रायलो, उशीर झाला माफ करा. दारव्ह्याच्या वकिलाकडं आम्ही दोघं गेलो, मामालेही सोबत नेलं. वकिलानं काकालेही बोलावलं, त्यांच्या बाजूनं त्यांचा भाचा आला. मले वाटत होतं काका उठून जातील. ते उठले नाहीत. जगपाल सिंगचं ऐकल्यावर म्हणाले हे मले कोणी सांगितलं नव्हतं, माझ्या पोराच्या नावावर ती शेड करायचा विचार होता. मामाही गप्प बसून ऐकत होते, येताना म्हणाले बरं झालं आलो.
आता असं ठरलं. गोदाम व्यवहारात नाही. उधारी काकांचीच. गुडविल २ लाख, पण ५ वर्ष त्या गावात अन आजूबाजूच्या १० किलोमीटरात ते किंवा घरचं कोणी केंद्र टाकणार नाही हे लेखी. माल मोजून, बिल असलेला अन एक्सपायरी बाकी असलेलाच. इसार १ लाख, रोख नाही, थेट बायकोच्या खात्यातून, परवान्याची अट घालून. गाळामालक ११ महिन्यांऐवजी ५ वर्षाच्या करारावर तयार झाला, नोंदणी पुढच्या आठवड्यात. काकांच्या बँकेत त्या दुकानावर ३ लाखाचं सीसी म्हणजे कॅश क्रेडिट कर्जाचं खातं निघालं, मालावर बोजा होता. काका म्हणाले इसाराच्या अन पुढच्या पैशातून ते आधी बंद करतो अन दाखला देतो, वकिलानं ते चिठ्ठीत टाकलं, इसाराचे पैसे थेट त्या सीसी खात्यातच जातील.
या मृगाले दुकान आमचं होणार नाही. परवान्याचे अर्ज टाकले आहेत, या हंगामात काकाच दुकान चालवतील अन बायको रोज तिथं बसून शिकेल, पगार नाही, त्यांचंच म्हणणं. उद्या सकाळी ९ ला माल मोजायला बसतो, पुसदवाले भाऊ मोजताना काय पाहायचं तेवढं सांगा.

खत_बियाणे_पुसद
औषधाची प्रत्येक बाटली हातात घेऊन बॅच नंबर अन एक्सपायरी लिहून घ्या, पेटीवरची नोको, बाटलीवरची. दोन महिन्यांत एक्सपायर होणारं बाजूला काढा, ते कंपनीले परत करणं काकांचं काम. बियाण्याच्या मागच्या वर्षीच्या बॅगा घेऊ नोका, मुदत संपलेलं बियाणं नीट उगवत नाही अन मग कास्तकार वहिनींच्या दारात येते. बिना लेबलची किंवा बिलाशिवाय आलेली कपाशीची पाकिटं दिसली, तणनाशक चालते म्हणून कोणी विकत असेल तर हातही लावू नोका, त्या बियाण्याले सरकारची मंजुरी नाही अन गुन्हा विकणाऱ्यावर होते. खताची पोती पॉस मशीनमधल्या आकड्याशी जुळवा, कमी जास्त निघालं तर तिथल्या तिथं काकांची सही घ्या. खाली ओल लागलेली थप्पी आधी हलवून पाहा. वहिनींच्या हातानं लिहू द्या यादी.